एकशेपाच घोडे आणि द्वारकेचा चौक

‘स्पोर्टी’ या शब्दाला मराठीत ‘खिलाडू’ असा एक चांगला प्रतिशब्द आहे. पण तो गाडीला लावायची पद्धत नाही. खिलाडू म्हणजे हरल्यावरही हसत हात मिळवणारा. जुन्या गाडीच्या व्यवहारात हा गुण विकत घेणाऱ्याच्या अंगी असावा लागतो. गाडी स्पोर्टी हवी असेल तर गिऱ्हाईक खिलाडू पाहिजे, एवढ्या एका पायावर तो धंदा उभा आहे.

गाड्यांची परीक्षणे छापून येतात ती बहुधा नव्या गाड्यांची. पहाटेची वेळ, मोकळा रस्ता, मागे डोंगर आणि पेट्रोल कंपनीचे! लग्नातले जेवण जेवून घरच्या स्वयंपाकावर मत देण्यासारखेच ते. जुन्या गाडीचे परीक्षण कोणी लिहीत नाही, कारण प्रत्येक जुनी गाडी हे वेगळेच पुस्तक असते आणि त्यातली मधली पाने कोणीतरी आधीच फाडलेली असतात. ते काम माझ्या वाट्याला आले ते आमच्या भाच्यामुळे.

भाचा राहतो नाशिकरोडला आणि नोकरी करतो सातपूरच्या एका कारखान्यात. नाशिकरोडला नोटा छापतात हे खरे, पण निव्वळ शेजार असल्याने त्यातली एकही घरी येत नाही. त्यामुळे गाडी घ्यायची ती जुनी, हे ठरलेलेच होते. रोजचे जाणे पंधराएक किलोमीटर, येणे तेवढेच, आणि मध्ये द्वारका. पुणे रस्ता आणि मुंबई-आग्रा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात आणि मग सोडायलाच तयार होत नाहीत, तो हा चौक. वरून उड्डाणपूल गेला आहे. पण भाच्याचे नशीब पुलाखालचे.

त्याच्या मनात भरली होती फोक्सवॅगनची पोलो, तीही ‘जीटी टीएसआय’. “मामा, तुम्ही नुसतं बघायला या. काही बोलू नका,” असे आमंत्रण आले. मराठी मध्यमवर्गाला छोट्या पळणाऱ्या गाडीचे हे वेड नवे नाही. २००१ साली फियाटने १.६ लिटरची पॅलिओ आणली, तेव्हा जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर होता. गाडी पळे झकास. पेट्रोलही तिच्याबरोबर पळे. पोलो ही त्यानंतरच्या पिढीची. जन्म आपल्या चाकणचा, २०१० च्या सुमाराचा. तिची जीटी टीएसआय ही आवृत्ती २०१३ साली आली. ११९७ सीसीचे इंजिन, त्याला टर्बो, एकशेपाच घोड्यांची ताकद, सात आपोआप पडणारे गिअर. शून्यापासून शंभरापर्यंत ९.७ सेकंद, असे कंपनी सांगत असे. २०२२ साली पोलोचे उत्पादन भारतात थांबले, आणि कलावंत वारल्यावर चाहते वाढतात त्याप्रमाणे तिचा संप्रदाय वाढला.

ताईचा म्हणजे भाच्याच्या आईचा विरोध किमतीला नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे तिला तोंडपाठ होते आणि “साधी नवी घे ना रे,” हे तिचे पालुपद होते. पण खरे कारण ते नव्हे. आमचे मेहुणे १९९८ साली सिन्नरजवळ रस्त्यावरच गेले. चूक समोरच्या जीपची होती. तेव्हापासून त्या घरात ‘पिकअप’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. तेव्हा मी बघायला गेलो तो भाच्याच्या बाजूने की ताईच्या, हे मला स्वतःलाच नीट सांगता आले नसते.

आधी जाहिराती वाचल्या. जुन्या गाडीची जाहिरात हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे उपेक्षित राहिला आहे. त्याची भाषा भावगीताची आणि निष्ठा वकिलाची. ‘सिंगल हँड’, ‘शोरूम कंडिशन’, ‘एक रुपयाचं काम नाही’ हे त्यातले अलंकार. आणि नायक कायम एकच, डॉक्टर. पन्नासेक जाहिराती वाचून माझी खात्री झाली, की नाशिकमधले तमाम डॉक्टर गाडी घेतात, तिच्यावर चादर घालतात आणि दवाखान्यात चालत जातात.

पहिली गाडी अशीच डॉक्टरांची होती. तांबडी भडक. काटा अडतीस हजार किलोमीटरवर. आता अकरा वर्षांच्या गाडीचे अडतीस हजार म्हणजे दिवसाला दहाही होत नाहीत. पण ब्रेकच्या पेडलवरचे रबर मात्र देवळाच्या पायरीसारखे झिजलेले. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चार टायरांच्या चार जन्मतारखा निघाल्या.

“काका, गाडीला कधी ओरखडासुद्धा नाही,” विक्रेता म्हणाला.

मी विम्याचा कागद मागितला. जुन्या गाडीचे खरे चरित्र तिथे असते आणि ते कोणी वाचत नाही. त्यात ‘नो क्लेम बोनस’ असा एक रकाना असतो. सलग पाच वर्षे दावा केला नाही तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो. दावा केला की शून्यावर येतो. इथे शून्य होते.

“ओरखडा नाही म्हणता, मग हे शून्य कसलं?”

“ते डॉक्टरांनी घेतलंच नाही काका. मोठा माणूस आहे.”

फुकट मिळणारी निम्मी सूट मोठेपणाने नाकारणारा डॉक्टर मला तरी अजून भेटलेला नाही. विमा मध्येच तुटला तरी शून्य येते, तेव्हा एवढ्यावरून फाशी देऊ नये. पण पाने फाडल्याची खूण मिळाली. आम्ही चहा पिऊन निघालो.

दुसरी गाडी सिडकोतल्या एका गृहस्थांची. राखाडी रंग, काटा चौऱ्याऐंशी हजारावर, आणि एक जाडजूड फाइल. प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल तारखेवार लावलेले. टायर दोनदा बदललेले, शॉक ॲब्सॉर्बर एकदा, क्लच एकदा. क्लचच्या बिलाचा आकडा बघून भाच्याचे तोंड उतरले. “मामा, हिला तर खूपच काम निघालंय.” मला तेच पान सगळ्यांत आवडले. ज्या गाडीला कधी काम निघाले नाही, तिचे काम आता आपल्याकडे निघायचे असते.

शिवाय त्या क्लचमागे शास्त्र आहे. या गाडीला क्लचचे पेडल नाही, म्हणजे क्लचच नाही असे नव्हे. उलट दोन आहेत, आणि तेही कोरडे. एक क्लच एकी गिअर सांभाळतो, दुसरा बेकी. एक चालू असताना दुसरा पुढचा गिअर घालून तयार बसतो. मोकळ्या रस्त्यावर ही जोडी अशी खेळते की गिअर कधी बदलला ते पोटातल्या पाण्यालाही कळत नाही. पण द्वारकेला गाडी सरकते फुटाफुटाने. तिथे तो क्लच अर्धा दाबून ठेवल्यासारखा घासत राहतो आणि तापतो. घोडे एकशेपाच, पण सगळे टांग्याला जुंपलेले आणि टांगा रिक्षामागे उभा.

म्हणून मी अट घातली. फेरी मारायची ती रविवारी सकाळी गंगापूर रस्त्यावर नव्हे, सोमवारी साडेनऊला द्वारकेवरून. रविवारी गंगापूर रस्त्यावर बैलगाडीसुद्धा स्पोर्टी वाटते. गृहस्थ सज्जन, कबूल झाले. चाळीस मिनिटे त्या गर्दीत काढली. थोडे धक्के बसले, वास आला नाही, एसी गार राहिला. सिंहस्थासाठी उकरलेल्या रस्त्यांवर कंबरेने तक्रार केली, कारण गाडीचे अंग कडक आहे. मागच्या सीटवर ताई बसली होती. तिने, विहिरीत उतरल्यासारखं वाटतं, असा शेरा दिला आणि तो रास्त आहे. मागे जागा बेताचीच. कॉलनीकॉलनीतून नागरिकांनी स्वहस्ते घातलेले गतिरोधक आहेत, त्यांच्यापुढे ही गाडी नमस्कार करूनच पुढे जाते.

पेट्रोलचेही एक आहे. हल्ली पंपावर मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते. या गाडीचा जन्म झाला तेव्हा एवढे नव्हते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडे उतरणारच. द्राक्षाच्या गावात राहून गाडीला मद्यार्क वर्ज्य कसा असेल, असे आम्ही स्वतःचे समाधान करून घेतले. पण जुने रबरी पाइप तपासायला हवेत, हे गृहस्थांनी आपण होऊन सांगितले. विकणाऱ्याने आपल्या मालाचा दोष सांगितलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

आता ताईचा प्रश्न. तिला मी घोडे सांगितले नाहीत. मुंबई नाक्यापुढे रस्ता मोकळा मिळाला, तिथे एक दुचाकी उलट्या बाजूने अंगावर आली. भाच्याने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, न वळवळता उभी राहिली. दुचाकीवाला आमच्याकडेच रागाने बघून गेला. ताई काहीच बोलली नाही. तेव्हा मी तिला सांगितले, की २०१४ साली ग्लोबल एनकॅपने ही पोलो ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळून पाहिली होती. एअरबॅग नसलेल्या गाडीला शून्य तारे मिळाले; दोन एअरबॅगवालीला प्रौढांच्या बचावासाठी चार. आजच्या कसोट्या त्याहून कडक आहेत, हेही सांगितले. ही दोन एअरबॅगवाली आहे. शिवाय वळणावर घसरू लागली तर एकेक चाक आपणहून आवरणारी यंत्रणाही हिच्यात आहे. स्पोर्टी गाडीतली जी गोष्ट नाशिकात रोज वापरात येते ती पळणे नव्हे, थांबणे. पळण्यासाठी समृद्धी महामार्ग आहे. जून २०२५ मध्ये तो पुरा झाला, मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, आणि तिथेसुद्धा सुखरूप पोचवतात ते ब्रेकच.

ताई म्हणाली, “मग हिला थांबणारी गाडी म्हणा की. पळणारी कशाला म्हणता?”

व्यवहार चार लाख पंचाहत्तर हजारांना ठरला. गृहस्थांनी फॉर्म २९ आणि ३० वर आमच्यादेखत सह्या केल्या. बँकेचे कर्ज फिटले होते, पण आरसी बुकावरून बँकेचे नाव उतरले नव्हते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ येईपर्यंत निम्मे पैसे अडवून ठेवा, असे मी भाच्याच्या कानात सांगितले. गृहस्थांनी ते ऐकले आणि म्हणाले, “बरोबर आहे. मीही तेच केलं असतं.” गाडी नावावर होण्याची घाई त्यांना आमच्याहून जास्त होती, आणि ती योग्यच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगून ठेवले आहे, की गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावे, भरपाईची जबाबदारी त्याची. विमा चौदा दिवसांत नावावर करायला दिला. त्यांचा ५० टक्के बोनस मात्र त्यांच्याबरोबरच गेला. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. भाच्याला शून्यापासून सुरुवात.

पेठ रोडच्या आरटीओत दोन खेपा झाल्या. आता महिना होत आला. क्लच घासू नये म्हणून भाचा सकाळी सातलाच घर सोडतो, तेव्हा द्वारका मोकळी असते. बी.ई.च्या परीक्षेलासुद्धा ज्याला साडेसातला गदागदा हलवून उठवावे लागे, तो पावणेसहाला स्वतःचा चहा स्वतः करून घेतो. ताई सगळ्यांना सांगते, गाडी फार गुणाची मिळाली.