पेटरचा गाळलेला उपसंहार

इंग्रजी कलावादाचा जाहीरनामा म्हणून ज्या मोजक्या पृष्ठांकडे बोट दाखविले जाते, ती मुळात जाहीरनामा म्हणून लिहिलीच गेली नव्हती. १८६८ मध्ये 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'मध्ये विल्यम मॉरिसच्या काव्यावर एक निनावी परीक्षण आले. त्याचा अखेरचा भाग वॉल्टर पेटरने १८७३ मध्ये प्रबोधनकालीन कलेवरील आपल्या ग्रंथाला उपसंहार म्हणून जोडला. ऑक्सफर्डमध्ये त्यावरून काहूर उठले. १८७७ च्या दुसऱ्या आवृत्तीत पेटरने तो गाळला, १८८८ च्या तिसऱ्या आवृत्तीत काही फरकांनिशी पुन्हा घातला, आणि तळटीपेत कारण दिले : तो वाचून काही तरुणांची दिशाभूल होईल, अशी त्याला भीती वाटली होती. मधल्या काळात त्याच विचारांचा विस्तार करण्यासाठी त्याने 'मारियस द एपिक्युरियन' (१८८५) ही अख्खी कादंबरी लिहिली. पंथप्रवर्तक म्हणून हा ग्रंथकार फारच अवघडलेला दिसतो. इंग्रजीत ज्याला 'डेकडन्स' म्हणतात त्या ऱ्हासवादाचा विचार करताना हे अवघडलेपण सहसा दुर्लक्षिले जाते.

उपसंहाराचा विषय तरी कला आहे काय? वस्तुतः तो मृत्यू आहे. देह आणि मन दोन्ही क्षणोक्षणी विरघळणारी, वाट्याला आलेला अवधी थोडा. त्या अवधीत जाणिवेची तीव्रता कशी टिकवावी, हा पेटरपुढील प्रश्न. कला येते ती अगदी शेवटी, त्याचे उत्तर म्हणून. म्हणजे येथे कलेची जीवनापासून फारकत नाहीच. आहे ती जगण्याची एक रीत. मराठीत फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी निगडित झालेल्या वादात 'कलेसाठी' आणि 'जीवनासाठी' असे जे दोन तट पडले, ते पेटरच्या मूळ मांडणीत सापडत नाहीत. धोका आहे तो निराळ्याच ठिकाणी. अनुभवातून काय निष्पन्न होते याला महत्त्व न देता अनुभवालाच साध्य मानले, की कोणता अनुभव टाळावा हे ठरविण्यास त्याच्याबाहेरचे मापच उरत नाही. पेटरजवळ ते माप होते, त्याच्या संयमाचे; परंतु संयम हा त्याचा स्वभाव होता, उपसंहारात तो लिहिलेला नव्हता.

ही उणीव ऑस्कर वाइल्डने नेमकी हेरली. 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' १८९० मध्ये 'लिपिन्कॉट्स' मासिकात आली, १८९१ मध्ये वाढवून ग्रंथरूपाने. लॉर्ड हेन्री बोलतो ते बरेचसे पेटरचे, संयम वजा केलेले. डोरियन ते जगून दाखवितो. त्याची परिणती इतकी कठोर आहे, की नीतिबोध फार उघड झाला हा आपला कलादोष होय, असे वाइल्डने स्वतःच एका वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात कबूल केले. नीतीशी ग्रंथाचा संबंध नाकारणारी प्रस्तावना जोडली गेली ती अशा कादंबरीला! पेटरने १८९१ मध्येच 'बुकमन'मध्ये तिचे परीक्षण केले. खरा एपिक्युरसवाद माणसाच्या समग्र व्यक्तित्वाचा सुसंवादी विकास साधतो. पापपुण्याची जाणीव गमावणे म्हणजे अधिक संकुल अवस्थेतून कमी संकुल अवस्थेकडे उतरणे होय, असा त्याचा अभिप्राय. गुरूने शिष्याला दिलेला याहून सौम्य, आणि याहून घायाळ करणारा, नकार विरळाच.

पुढचा इतिहास साहित्यापेक्षा न्यायालयाचा अधिक आहे. १८९५ मध्ये ही कादंबरी न्यायालयात वाचली गेली, वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली; आणि ज्या 'यलो बुक'मध्ये त्याचे लेखन कधीच आले नव्हते, त्यातून ऑब्री बियर्ड्स्लीला दूर करण्यात आले. आर्थर सिमन्सने १८९३ च्या लेखात ज्या प्रवृत्तीला 'ऱ्हासवादी' म्हटले होते, तिच्यावरील त्याचा ग्रंथ १८९९ मध्ये आला तो 'प्रतीकवादी' हे नाव घेऊन.

पेटर हे पाहण्यास नव्हता. १८९४ मध्ये तो निवर्तला. पण उपसंहार परत घातला त्याच वर्षी, १८८८ मध्ये, त्याने शैलीवर एक निबंध लिहिला. शब्दांची काटकसर, आत्मनियमन, फ्लोबेरचा आदर्श असे सर्व प्रतिपादन झाल्यावर तेथे अखेरीस एकाएकी एक भेद येतो : चांगली कला रूपाने ठरते, थोर कला आशयाने, माणसांचे सुख आणि परस्परांविषयीची सहानुभूती वाढविण्यात ती खर्ची पडली की नाही यावरून. आधीच्या प्रतिपादनाशी हा समारोप जुळत नाही, आणि पेटरने तो जुळविण्याचा प्रयत्नही केलेला नाही. उपसंहाराच्या अखेरच्या परिच्छेदात १८७३ मध्ये 'कलेसाठी कला' हे शब्द होते. पुढे त्याने तेही बदलले, आणि कलेवर तिच्या स्वतःकरिता केलेले प्रेम, अशा अर्थाचे काहीसे मवाळ शब्द त्यांच्या जागी घातले.