गायगर यांचे चार अज्ञात

१९१० साली ग्योटिंगेनच्या लुडविग गायगर यांनी भूकंपाचा ठाव काढण्याची एक रीत मांडली. तिचं मुख्य समीकरण जेमतेम एका ओळीत मावतं. ती ओळ मात्र घाईनं वाचण्यासारखी नाही.

ठाव काढण्याची वर्तुळांची रीत शाळकरी मुलालाही कळते. प्राथमिक लहर आधी येते, दुय्यम लहर मागून. मधल्या सेकंदांना साधारण आठनं गुणलं की जवळच्या भूकंपाचं अंतर किलोमीटरांत मिळतं. तीन भूकंपमापन केंद्रांभोवती त्या-त्या अंतराची वर्तुळं काढायची. ती एकाच बिंदूत छेदली तर प्रश्न मिटला. पण तशी ती क्वचितच छेदतात.

गायगर सुरुवातीलाच अंदाजानं एक जागा आणि एक वेळ धरतात. त्यानुसार लहर प्रत्येक केंद्रावर केव्हा पोहोचायला हवी होती ते काढायचं आणि प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहायचं. जो फरक उरतो, तोच त्यांचा कच्चा माल. त्या फरकातून चार दुरुस्त्या शोधायच्या: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण, खोली आणि भूकंपाचा क्षण. केंद्रं चारांहून जास्त असली की फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी लघुतम वर्ग पद्धत मदतीला येते. ती रुजवणारे गणितज्ञ गाउसही ग्योटिंगेनचेच. मिळालेली जागा पुन्हा अंदाज म्हणून घ्यायची आणि फरक घटेनासा होईपर्यंत हेच करत राहायचं. अंदाज चुकणार हे गृहीत धरून त्या चुकीलाच कामाला लावण्याची ही हिंमत मला फार मोठी वाटते.

आता त्या एका ओळीत चार दुरुस्त्यांपुढे येणाऱ्या गुणकांकडे पाहा. वेळेच्या दुरुस्तीपुढे प्रत्येक केंद्रासाठी नुसता एक आहे, कारण घड्याळ सरकलं तर सगळीकडे सारखंच सरकतं. बाकीचे तीन गुणक केंद्रागणिक बदलतात. पण सगळी केंद्रं दूर असली, तर खोलीचा गुणकही जवळपास सर्वत्र सारखाच येतो. मग भूकंप खोलवर आणि किंचित उशिरा झाला, की उथळ आणि किंचित आधी, हे समीकरणाला सांगता येत नाही. त्याची मर्यादा त्याच्याच मांडणीत अशी उघड दिसते, आणि उपायही तिथेच दिसतो: भूकंपाच्या जवळ केंद्र हवं. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या परिसरातले बहुतेक भूकंप दहा किलोमीटरांहून उथळ असतात. त्यांची खोली सांगायची तर जवळच्या केंद्रांवाचून गत्यंतर नाही.

हातानं करायला हे गणित फार किचकट होतं. १९६० च्या सुमारास ते संगणकावर गेलं आणि जगभर रूढ झालं. भूकंपतज्ज्ञांनी पुढे वर्षानुवर्षं वापरलेल्या हायपो७१ या आज्ञावलीचा गाभा गायगर यांचाच आहे.