टॉनिकची परीक्षा कोण घेणार? खान्देशातली शेती आणि जैव उत्तेजके

 

आजचा विषय पत्रिकेवर 'जैव उत्तेजके आणि आधुनिक पीकशेतीतले नवे प्रयोग' असा छापलाय. पण आपल्याकडे जळगाव-धुळ्यात जैव उत्तेजक हा शब्द कोणी वापरत नाही. पारावर विचारतात, "औंदा कपाशीले काय मारं भो?" आणि उत्तर येतं, "टॉनिक." या एका शब्दात ह्युमिक असतं, समुद्री शेवाळाचा अर्क असतो, अमिनो आम्ल असतं आणि कधीकधी भलतंच काही असतं. आम्हाला आज या 'टॉनिक' शब्दाचीच चिकित्सा करायची आहे. म्हणून हे व्याख्यान शिफारशीचं नाही. कोणती बाटली घ्यावी ते आम्ही सांगणार नाही, हे आधीच कबूल करतो.

सुरुवात बाटलीवरच्या मजकुरापासून करू. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसा हा मजकूर आम्ही बऱ्याच वेळा वाचला. त्यात एक गंमत आहे. मात्रेचा भाग अगदी काटेकोर असतो: एका लिटर पाण्याला दोन मिली, पेरणीनंतर तिसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि साठाव्या दिवशी. परिणामाचा भाग मात्र धूसर असतो: पांढऱ्या मुळ्या वाढतात, पातेगळ कमी होते, फळाला चकाकी येते, पीक ताण सहन करतं. किती वाढतात? कशाच्या तुलनेत कमी होते? कोणत्या जमिनीत? ते लिहिलेलं नसतं. म्हणजे शेतकऱ्यानं काय करायचं ते मिलिलिटरमध्ये सांगितलंय आणि त्याला काय मिळणार ते विशेषणांमध्ये. आमची टीका इथून सुरू होते.

आता दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर ही नुसती तक्रार होईल. या पदार्थांमागे विज्ञान आहे. ह्युमिक आम्लामुळे मुळांच्या पेशींतल्या काही क्रिया जलद होतात आणि बारीक मुळं फुटायला मदत होते. समुद्री शेवाळाच्या अर्कातले घटक पिकाला उष्णतेचा, क्षाराचा ताण झेलायला मदत करू शकतात. हे सगळं परदेशातूनच आलंय असंही नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं शेवाळाचा रस काढून तो पिकाला देण्याचं तंत्र विकसित केलं. शेजारच्या नवसारी कृषी विद्यापीठानं तर केळीच्या खांबाच्या रसापासून द्रवरूप पोषक बनवलं. रावेर, यावल, चोपड्याच्या मंडळींनो, घड कापल्यावर जो खांब आपण बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला फेकतो, त्याचीच ही गोष्ट आहे. पुढे पुन्हा तिकडे येऊ.

जगभरच्या अभ्यासांकडे पाहू. २०२२ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उघड्या शेतात झालेल्या १८० अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली होती आणि सरासरी उत्पादनवाढ निघाली १७.९ टक्के. हा आकडा विक्रेत्यांना फार आवडतो. पण त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. ही वाढ सगळीकडे सारखी नाही. कोरड्या हवामानात, भाजीपाल्यात, सेंद्रिय घटक कमी असलेल्या, क्षारयुक्त, अन्नद्रव्यांची कमतरता असलेल्या जमिनीत परिणाम जास्त दिसला. जिथे जमीन चांगली तिथे कमी. शिवाय अशा आढाव्यांचा एक नेहमीचा दोष असतो: ज्या प्रयोगात फरक दिसतो तो छापला जातो, ज्यात काहीच दिसत नाही तो फाईलमध्ये राहतो. सरासरी थोडी फुगण्याची शक्यता धरूनच ती वाचायची.

आता कोणी म्हणेल, मग खान्देश तर या वर्णनात अगदी बसतो! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, हिवाळ्यात थंडीनं केळीची वाढ थांबते, धुळे-शिंदखेड्याकडे पावसाचा भरवसा नाही, जमिनीत सेंद्रिय कर्ब घटत चाललाय. म्हणजे टॉनिक आपल्यासाठीच बनलंय. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अर्धा आहे. टॉनिक कमी कर्बाच्या जमिनीत जास्त काम करत असेल, तर पहिला प्रश्न कर्ब का कमी झाला हा असायला हवा. शेणखत आटलं, पऱ्हाट्या जाळल्या, केळीचे खांब बांधावर टाकले. आजारी जमिनीला टॉनिक लागू पडतं, म्हणून जमीन आजारीच ठेवायची का?

धुळे जिल्ह्यात ताणाचं उत्तर वेगळ्या वाटेनंही शोधलं गेलंय. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून, साखळी बंधारे बांधून पाणी मुरवलं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखलं, पाणी अडवलं. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पिकाची ताण सहन करण्याची क्षमता वाढवणं आणि मुळात ताणच कमी करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं बाटलीत मिळतं म्हणून त्याला 'इनोव्हेशन' म्हणायचं आणि दुसऱ्याला समाजकार्य, ही विभागणी आम्हाला मान्य नाही.

नव्या गोष्टींना खान्देश कधीच घाबरला नाही. ठिबक आलं, लोकांनी घेतलं. नव्वदच्या दशकात ऊतीसंवर्धित ग्रँड नैनची रोपं आली, जुन्या वाणांची जागा त्यांनी घेतली, आणि आज जळगावची केळी आखातात जाते. पण या दोन्ही नवलाईंचा पुरावा डोळ्यांना दिसत होता. ठिबकमुळे तेवढ्याच विहिरीवर जास्त क्षेत्र भिजलं. ऊतीसंवर्धित बाग बऱ्यापैकी एकाच वेळी कापणीला आली. शेजाऱ्यानं बांधावर उभं राहून बघितलं आणि ठरवलं. टॉनिकचं तसं नाही. का नाही, ते जरा हिशेबानं बघू.

समजा कपाशीला एका एकरात टॉनिकच्या तीन फवारण्या केल्या आणि एकेक ५०० रुपयांना पडली. झाले १,५०० रुपये. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे साधारण साडेअठरा किलो कापूस जास्त निघाला की बाटलीचे पैसे वसूल. एकरी पाच क्विंटल धरले तर ही वाढ पावणेचार टक्क्यांच्या आसपास झाली. आता मला सांगा, पावणेचार टक्के फरक डोळ्यानं दिसतो का? एकाच शेतात नाल्याकडची बाजू आणि माथ्याकडची बाजू यात याहून कितीतरी जास्त फरक असतो. म्हणजे बाटलीची किंमत अशी आहे की ती वसूल झाली तरी दिसत नाही आणि वाया गेली तरी दिसत नाही. हे कोणी मुद्दाम ठरवलं असेल असं आम्ही म्हणत नाही. पण हा धंदा इतकी वर्षं परीक्षेशिवाय कसा चालला, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर कायद्यात. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. जैव उत्तेजकं त्यात नव्हतीच. कीटकनाशक म्हणावं तर कीटकनाशक नाही, खत म्हणावं तर खत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं या आदेशात दुरुस्ती केली आणि पहिल्यांदा व्याख्या आली. ती व्याख्या आम्हाला चांगली वाटते, कारण ती पदार्थात काय आहे यापेक्षा तो काय करतो यावर बेतलेली आहे: पिकाच्या शरीरक्रियांना चालना देणं, अन्नद्रव्यं घेण्याची क्षमता, वाढ, उत्पादन, प्रत, ताण सहन करणं. युरोपीय संघाचा २०१९ चा नियमही कार्यावरच बोट ठेवतो. एकदा व्याख्या कार्याची झाली की ते कार्य सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. म्हणून परिणामकारकतेच्या चाचण्या आल्या, विषारीपणाची माहिती आली, कीडनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर नको ही अट आली.

ही शेवटची अट नीट लक्षात घ्या. टॉनिक मारल्यावर तीन दिवसांत अळी मेली किंवा शेंडे सरसर लांबले, तर आपण खूश होतो. खरं म्हणजे तिथे शंका यायला हवी. अळी मारणारं ते कीटकनाशक, आणि जिबरेलिक आम्लासारखी वाढ नियंत्रकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. ती जैव उत्तेजकाच्या नावाखाली बाटलीत असतील तर फसवणूक तर झालीच, वर निर्यातीच्या केळीत अंश सापडला तर कंटेनर अडकतो तो शेतकऱ्याचा.

मग २०२१ नंतर सगळं सुरळीत झालं का? नाही. बाजारात आधीपासून असलेल्या मालाला तात्पुरती नोंदणी दिली, दोन वर्षांसाठी. ती मुदत वाढली, पुन्हा वाढली आणि शेवटी १६ जून २०२५ ला संपली. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतः सांगितलं, की देशात सुमारे ३०,००० जैव उत्तेजकं अनेक वर्षं तपासणीविना विकली जात होती, गेल्या चार वर्षांतही ८,००० च्या आसपास फिरत होती आणि कडक तपासणीनंतर साधारण ६५० उरली. ३०,००० आणि ६५०! जे गेले ते सगळे खोटेच होते असं नाही. काहींनी कागदपत्रं दिली नसतील, काहींना चाचणीचा खर्च परवडला नसेल. पण आपण ज्यावर पैसे घातले त्यातल्या बहुतेकांची परीक्षा कधी झालीच नव्हती, एवढं यातून नक्की होतं.

आणि विकत घेण्याचं स्वातंत्र्य तरी होतं का? आमच्या घरचाच अनुभव सांगतो. एका पावसाळ्यात युरियाची टंचाई होती. दुकानदार म्हणाला, दादा, गोणी पाहिजे तर ही बाटली घ्यावी लागेल. वडिलांनी घेतली. घरी आणून कोनाड्यात ठेवली, मारली नाही. पुढच्या वर्षी तिच्याशेजारी दुसरी आली. याला आपण लिंकिंग म्हणतो. २०२५ मध्ये केंद्रानं राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हे थांबवायला सांगितलं. पण विचार करा, ज्या मालाला दुसऱ्या मालाच्या गळ्यात बांधून विकावं लागतं, त्याच्या खपावरून त्याचा गुण कसा ठरवायचा? 'लाखो शेतकऱ्यांचा विश्वास' या वाक्यात कोनाड्यातल्या त्या दोन बाटल्याही मोजल्या गेल्या आहेत.

आता नोंदणी झालेल्या ६५० बद्दलही एक आक्षेप नोंदवू. नियमानुसार चाचणी तीन वेगवेगळ्या कृषी-हवामान ठिकाणी, एक हंगाम. नसण्यापेक्षा हे फार बरं. पण एका हंगामात पाऊस चांगला झाला तर ताण सहन करण्याचा दावा तपासला तरी कसा जाणार? आणि त्या तीन ठिकाणांत तापीकाठची केळीची जमीन नसेल, तर रावेरच्या शेतकऱ्याला तो निष्कर्ष किती उपयोगी? जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. नोंदणीकृत मालाच्या स्थानिक चाचण्या तिथे व्हाव्यात आणि निकाल मराठीत, नावानिशी जाहीर व्हावेत. ज्यात फरक दिसला नाही तेही. ही मागणी आपण केली पाहिजे.

तोवर आपल्या हातात काय आहे? एक ओळ सोडणं. एवढंच. कपाशीत मधल्या भागात चार-पाच तास टॉनिकविना ठेवा. बाकी सगळं सारखं: खत, पाणी, कीटकनाशक. बांधालगतचे तास नकोत, तिथलं पीक तसंही वेगळं असतं. एकाच ठिकाणी न सोडता शेतात तीन जागी सोडा, म्हणजे नाल्याकडची आणि माथ्याकडची जमीन दोन्ही येतील. वेचणी वेगळी करा, वजन वहीत लिहा. केळीत सहा बाय पाचवर एकरी साधारण १,४५० झाडं बसतात, त्यातली तीन ठिकाणची दहा-दहा झाडं पुरे. ठिबकमधून टॉनिक सोडलं तर ते सगळ्यांनाच जातं, म्हणून या प्रयोगापुरती हातानं आळवणी करा. घडांचं वजन घ्या. आणि टॉनिक, १९:१९:१९ आणि कीटकनाशक एकाच पंपात घालू नका, नाहीतर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा हे देवालाही कळणार नाही.

एका वर्षाच्या एका शेताच्या वजनावरून पावणेचार टक्के सिद्ध होणार नाहीत, हे मान्य. पण एका गावातल्या वीस जणांनी एकाच नोंदणीकृत मालासाठी ओळ सोडली आणि वह्या एकत्र ठेवल्या, तर चित्र दिसायला लागतं. शेतकरी उत्पादक कंपन्या आता गावोगाव आहेत, त्यांनी हे काम घ्यावं. आणि हाच नियम घरच्या जीवामृताला लावा, केळीच्या खांबाच्या रसालाही लावा. ते आपलं आहे म्हणून परीक्षेतून सूट नाही. उलट, खांबाचा रस या परीक्षेत पास झाला तर आपला कचरा आपलंच औषध होईल, म्हणून त्याची परीक्षा आधी घ्या.

इथे एक काका मघाशी आम्हाला म्हणाले, "ओळ सोडली आणि तीच कमी पिकली तर नुकसान कोणाचं?" प्रश्न रास्त आहे. चार ओळींचं नुकसान होईल, ते काही किलोंचं. ओळ न सोडता दहा वर्षं आपण किती घातले, त्याचा आकडा मात्र आपल्यापैकी एकाच्याही वहीत नाही.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ. ज्यांनी यंदा टॉनिक मारलंय त्यांनी आधी हात वर करा.