‘अल्प धोका’ : एका विशेषणाची चिकित्सा

अरुंद झालेल्या महाधमनीच्या झडपेच्या जागी, छाती न उघडता, नलिकेच्या साहाय्याने नवी झडप बसविण्याचा पहिला प्रयोग फ्रान्समध्ये रूआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ साली केला. शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या रुग्णांपुरता असलेला हा उपचार ‘अल्प धोक्याच्या’ रुग्णांसही द्यावा काय, याची परीक्षा करणारी दोन संशोधने २०१९ साली प्रसिद्ध झाली. वैद्यकीय निर्णय देणे हा भाषाभ्यासकाचा अधिकार नव्हे. तथापि निर्णयास आधारभूत झालेल्या शब्दांचे परीक्षण त्याच्या कक्षेत येते.

‘अल्प धोक्याचा रुग्ण’ या पदसमूहातील षष्ठी प्रत्यय फसवा आहे. धोका कशाचा? उघड्या शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याचा. ‘पार्टनर-३’ या संशोधनात ही शक्यता शेकडा ४ हून कमी असलेले रुग्ण घेतले होते. म्हणजे जे विशेषण शस्त्रक्रियेच्या एका महिन्याचे होते, ते रुग्णाच्या संपूर्ण भवितव्यास चिकटले. त्या रुग्णांचे सरासरी वय ७३ होते. साठीतील रुग्णास मात्र प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली झडप झिजल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर या विशेषणात नाही.

दुसरा शब्द ‘किंवा’. मृत्यू किंवा पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात दाखल होणे, असा एकत्रित निकष तेथे होता. एका वर्षाअखेर त्याचे प्रमाण नलिकोपचारात शेकडा ८.५ व शस्त्रक्रियेत १५.१ आढळले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत ते अनुक्रमे २२.८ व २७.२ झाले; हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक नव्हता. केवळ मृत्यू पाहता आकडे १०.० व ८.२ होते, तोही भेद निर्णायक नव्हेच. परंतु व्याकरणातील ‘किंवा’ ज्या तीन घटना समान पातळीवर आणतो, त्या रुग्णाच्या घरी समान नसतात.

नलिकोपचाराने रुग्ण लवकर घरी जातो, रक्तस्रावही कमी होतो, हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप परिभाषेवर आहे. मराठीत ‘शस्त्रक्रियेचा तात्कालिक धोका अल्प असलेला रुग्ण’ असे म्हणावे, आणि तिन्ही परिणाम पृथक् सांगावेत. पदसमूह लांबतो खरा. परंतु संमतिपत्रावर सही करणाऱ्यास आपण कशास मान्यता देतो, हे त्यावाचून कळणार नाही.