‘बॉक्स अँड कॉक्स’ : रूपांतराची एक कसोटी

जॉन मॅडिसन मॉर्टन याचे ‘बॉक्स अँड कॉक्स’ हे एकांकी प्रहसन १८४७ साली लंडनच्या लायसियम नाट्यगृहात प्रथम रंगले. मिसेस बाउन्सर ही घरमालकीण एकच खोली दोघांना भाड्याने देते. छापखान्यात रात्रपाळी करणारा बॉक्स तेथे दिवसा राहतो. दिवसा टोप्यांच्या कामावर जाणारा कॉक्स रात्री. कॉक्सला अवचित सुटी मिळते आणि बिंग फुटते. मूळ कल्पना फ्रेंच प्रहसनांतील असल्याने ही कृतीही एक रूपांतरच होय.

यातील हास्य वरवर योगायोगाचे वाटते. अखेरीस दोघे सख्खे भाऊ ठरतात, तेही अंगावरील खूण जुळली म्हणून नव्हे, तर ती नाहीच म्हणून! तथापि या साऱ्या गोंधळाचे मूळ व्यावहारिक आहे : एका खोलीचे दुहेरी भाडे.

१८६६ साली एफ. सी. बर्नंड व आर्थर सलिव्हन यांनी याच प्रहसनावरून ‘कॉक्स अँड बॉक्स’ ही संगीतिका रचली. ती पुरुष नटांच्या मेळ्यासाठी असल्याने घरमालकिणीचा सार्जंट बाउन्सर झाला. लष्करी थाटाच्या गाण्यांनी रंगत वाढली. पण भाड्याची टोचणी मात्र बोथट झाली.

मराठीत याच्या जवळचे उदाहरण गोविंद बल्लाळ देवल यांचे आहे. आर्थर मर्फीच्या १७६१ मधील ‘ऑल इन द राँग’वरून त्यांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिले आणि १९१६ साली त्याचेच ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. येथेही गद्यातून संगीताकडे प्रवास आहे. परंतु देवलांनी नायिका रेवतीला कलावंतिणीच्या घरात जन्म दिला. त्यामुळे अश्विनशेठच्या संशयाला आपल्या समाजातील खरे कारण लाभले.

तात्पर्य, रूपांतराचे यश नावे व वेष बदलण्यात नसून मूळ कारणाच्या जागी तितकेच सबळ कारण उभे करण्यात आहे. नंदुरबारच्या महाविद्यालयीन रंगमंचावर मॉर्टनचे प्रहसन आणावयाचे झाल्यास लंडनची खोली उपयोगी पडणार नाही. हंगामी कामासाठी गुजरातेत जाणाऱ्या या जिल्ह्यातील मजुरांना निवाऱ्याची अडचण शिकवावी लागत नाही. ती अडचण प्रयोगात उतरली, तरच प्रेक्षकांचे हसू अर्थपूर्ण ठरेल.