खलनायकाच्या रांगेतला वाचक

जेम्स बाँड या ब्रिटिश हेराच्या कादंबऱ्यांविषयी वाचकांचे एकमत कधीच झालेले नाही. इयान फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी, 'कॅसिनो रॉयल', १९५३ साली प्रसिद्ध झाली. १९६४ साली फ्लेमिंग वारला. त्याच्या मृत्यूनंतर आलेली दोन पुस्तके धरून बारा कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह एवढा हा पसारा. पण लेखकाबरोबर नायक मेला नाही. किंग्जली एमिस, जॉन गार्डनर, रेमंड बेन्सन, अँथनी हॉरोविट्झ अशा अनेक लेखकांनी त्याला पुढे चालवले. सत्तर वर्षे उलटली तरी हा हेर सेवानिवृत्त होत नाही, आणि त्याच्याविषयीचे भांडणही मिटत नाही.

या भांडणातले पक्ष थोडक्यात पाहू. १९५८ साली 'डॉक्टर नो' ही कादंबरी आली तेव्हा पॉल जॉन्सनने 'न्यू स्टेट्समन'मध्ये तिच्यावर कडाडून हल्ला केला. क्रौर्य, कामुकता आणि बडेजावाची हाव या तिन्हींचे हे विषारी मिश्रण आहे, असा त्याचा आरोप होता. उलट १९६५ साली एमिसने बाँडच्या समर्थनार्थ एक अख्खे पुस्तक लिहिले. रंजन करणाऱ्या लेखकाकडून नीतिपाठाची अपेक्षा का करावी, हा त्याचा सूर. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या दहा आवडत्या पुस्तकांची यादी १९६१ साली 'लाइफ' नियतकालिकात छापून आली, तीत एक बाँड कादंबरी होती. इटलीच्या उंबर्टो एकोने १९६५ साली या कादंबऱ्यांचा सांगाडाच उघडा करून दाखवला. बुद्धिबळातल्या ठरलेल्या खेळींसारख्या यातल्या घटना असतात, शेवट काय होणार हे वाचकाला ठाऊक असते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तो वाचतो, असे त्याने दाखवले.

हे सारे वाचताना एक गोष्ट जाणवते. कोणी म्हणतो पुस्तक अनैतिक आहे, कोणी म्हणतो पुस्तक मजेदार आहे, कोणी त्याची रचना तपासतो. पण वाचक कोठे बसून वाचतो आहे, हा प्रश्न या वादात क्वचितच येतो. सगळे वाचक नायकाच्या शेजारी बसले आहेत असे जणू गृहीतच आहे. आमचा प्रश्न नेमका येथून सुरू होतो.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. अकरावीत इंग्रजीने मला रडवले तेव्हा एका सरांनी सांगितले, "जे आवडेल ते वाच, पण इंग्रजीत वाच." जिल्ह्याच्या गावी रद्दीच्या दुकानात वजनावर घेतलेल्या पुस्तकांत एक बाँड निघाला. 'लिव्ह अँड लेट डाय', १९५४ सालची कादंबरी. पहिले पान मला तीन दिवस पुरले आणि शेवटची शंभर पाने एका रात्रीत संपली. हे कबूल केले पाहिजे. शब्दकोश बाजूला टाकून इंग्रजी वाचण्याचे धैर्य मला शेक्सपिअरने दिले नाही, या हेराने दिले. तेव्हा असल्या पुस्तकांना कचरा म्हणून नाक मुरडणाऱ्या अभिजनांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट होते त्याला असली पायरी लागली नसेल. आम्हाला लागली.

पण त्या पुस्तकात होते काय? न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत 'मिस्टर बिग' नावाचा एक काळा गुन्हेगार आहे. तो रशियन हेरसंस्थेचा हस्तक आहे. जमैकाच्या समुद्रातून जुन्या चाच्यांचे सोने काढून तो अमेरिकेत आणतो. व्हूडू या पंथाच्या भयावर त्याने आपले लोक मुठीत ठेवले आहेत. काळ्या कष्टकऱ्यांचे एक जाळेच त्याचे डोळे आणि कान बनले आहे. कादंबरीची खरी मेख येथे आहे. खलनायक एकटा काळा असता तर गोष्ट निराळी होती. येथे एक अख्खी वस्ती त्याची हेर आहे. गोऱ्या वाचकाने पुस्तक मिटल्यावर उद्या त्याचे सामान उचलणाऱ्या काळ्या हमालाकडे कोणत्या नजरेने पाहावे?

ही नजर आपल्या ओळखीची आहे. १८७१ साली याच ब्रिटिश सत्तेने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसे जन्मानेच चोर ठरवली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी ही कादंबरी आली. साम्राज्याचे कायदे मागे घेता येतात, पण त्या कायद्यांमागचे मन कथेत सुखाने नांदत राहते. आमच्या पारध्यांच्या पालावर रात्री-अपरात्री जी झडती होते, तिला या कादंबऱ्यांत 'थरार' म्हणतात. फरक एवढाच की येथे दार कोणाचे ठोठावले जाते ते वाचकाला सांगितले जात नाही.

याच कादंबरीत बाँडचा वरिष्ठ एक उद्गार काढतो. त्याचा आशय असा, की काळ्या लोकांत आता सर्व क्षेत्रांत असामान्य माणसे निपजू लागली आहेत, तेव्हा एखादा थोर गुन्हेगारही निपजायचाच. या वाक्यात वर्णद्वेष नाही, उलट काळ्यांच्या बुद्धीची कदर आहे, असे कोणी म्हणेल. असली कदर माझ्या वाट्याला आलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्राध्यापकांच्या खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझे व्याख्यान ऐकून पाठ थोपटली आणि म्हटले, "तुमच्यातही इंग्रजीचा इतका व्यासंग असतो, हे आज कळले." त्या 'तुमच्यात'चे वजन काय असते, ते ज्याच्या पाठीवर पडते त्यालाच कळते.

खलनायकाइतकेच महत्त्वाचे पात्र म्हणजे क्वॅरल. हा केमन बेटांचा रहिवासी बाँडला समुद्रात साथ देतो. त्यांचे नाते स्कॉटलंडचा जमीनदार आणि त्याचा शिकारीतला मुख्य गडी यांच्यासारखे आहे, असे फ्लेमिंग सांगतो, आणि ते प्रेमाने सांगतो. 'डॉक्टर नो'मध्ये हा क्वॅरल आगीच्या झोतात जळून मरतो. म्हणजे काळ्या माणसाला या जगात दोनच जागा आहेत. मालकाविरुद्ध गेला तर तो राक्षस, मालकाबरोबर राहिला तर इमानी गडी. मरण दोन्हीकडे आहे. गावगाड्याने आम्हाला याहून तिसरी जागा कधी दिली होती?

मग सतराव्या वर्षी मी कोणाच्या बाजूने होतो? मी बाँडच्या बाजूने होतो. मिस्टर बिग शार्कच्या तोंडी गेला तेव्हा मला आनंद झाला. हा आनंद मला आजही सतावतो. माझे आजोबा सप्ताहात देवळाच्या पायरीखाली बसून पुराण ऐकत. वामनाने बळीला पाताळात दडपले की पायरीवरचे डोलत आणि पायरीखालचेही डोलत. स्वतःचाच पराभव गोड गळ्याने ऐकवला की तो उत्सव वाटतो. आपल्या बाया मात्र दिवाळीत ओवाळताना बळीचेच राज्य मागत राहिल्या, आणि १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी'त ती कथा बळीच्या बाजूने उलटवून सांगितली. थरारकथा हे आजचे पुराण आहे. प्रत्येक अवतारात एक असुर मारला जातो. असुराची कातडी कोणत्या रंगाची, हे पाहायचे आपण विसरतो.

अलीकडे या प्रश्नावर एक उपाय निघाला आहे. 'कॅसिनो रॉयल'ला सत्तर वर्षे झाली म्हणून २०२३ साली या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढण्यात आल्या, आणि त्यांतले काळ्यांविषयीचे काही अपमानकारक शब्द गाळले वा बदलले गेले. 'लिव्ह अँड लेट डाय'च्या १९५५च्या अमेरिकन आवृत्तीत खुद्द फ्लेमिंगच्या संमतीने असे बदल झालेच होते. यावर वाचकांत पुन्हा दोन तट पडले. एक म्हणतो, साहित्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, शिवी छापून का विकता? आम्हाला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. शिवी गेली तर आम्हाला दुःख नाही, शिवी ऐकण्याची हौस कोणालाच नसते. पण नाव बदलण्याचा हा प्रयोग आमच्यावर पूर्वीच होऊन गेला आहे. अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणावे असा आग्रह झाला, आणि १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालण्यास विरोध करून बाबासाहेब व त्यांच्या पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला. शब्द गोड झाला, जागा तीच राहिली. मिस्टर बिगला सभ्य शब्दांत संबोधले म्हणून तो शार्कच्या तोंडून सुटत नाही. उलट, शिवी असलेले पुस्तक निदान आपला पत्ता सांगते. शिवी पुसलेले पुस्तक तेच काम निनावी करते.

खरे उत्तर दुसरीकडे मिळाले. चेस्टर हाइम्स हा काळा लेखक. १९२८ साली सशस्त्र दरोड्याबद्दल त्याला अटक झाली, ओहायोच्या तुरुंगात सात वर्षांहून अधिक काळ त्याने काढला आणि लेखनाला तेथेच सुरुवात केली. बाँड जन्मला त्याच १९५३ साली हाइम्स अमेरिका सोडून युरोपात गेला. पॅरिसमध्ये मार्सेल ड्युआमेल या संपादकाने त्याला गुन्हेकथा लिहायला लावले. पैशाची निकड होती म्हणून त्याने त्या लिहिल्या. ग्रेव्ह डिगर जोन्स आणि कॉफिन एड जॉन्सन हे दोन काळे पोलीस घेऊन त्याने १९५७ पासून हार्लेमच्या कादंबऱ्यांची मालिका उभी केली. पहिल्या कादंबरीला १९५८ साली फ्रान्समध्ये गुन्हेकथेचा मोठा पुरस्कार मिळाला.

हार्लेम तेच, पण कथा सांगणारा पायरीखालचा. 'कॉटन कम्स टू हार्लेम'मध्ये आफ्रिकेत परत नेतो म्हणून एक भोंदू पुढारी सत्त्याऐंशी गरीब कुटुंबांकडून प्रत्येकी हजार डॉलर उकळतो, आणि ते पैसे कापसाच्या एका गाठीत दडतात. त्या गाठीमागे दक्षिणेतला एक गोरा कर्नल आहे, काळ्यांना पुन्हा कापसाच्या शेतात नेऊ पाहणारा. गुन्हा येथे सोन्याच्या बेटावर घडत नाही, गरिबाच्या स्वप्नावर घडतो. आणि ते पैसे शेवटी सापडतात कोणाला? गाडीवर भंगार गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्याला. तो मुकाट्याने आफ्रिकेला निघून जातो. फ्लेमिंगच्या हार्लेममध्ये हा म्हातारा मिस्टर बिगचा हेर ठरला असता.

हाइम्सवरही आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. त्याचे पोलीस आपल्याच माणसांना बडवतात. त्याचे हार्लेम कधी कधी नुसते हसण्यावारी जाते. त्याच्या स्त्रिया बहुधा देहापुरत्या उरतात. पण हे आक्षेप घरातले आहेत, घरात बसून सोडवायचे आहेत.

आपल्याकडे हे नवे नाही. अण्णा भाऊंचा 'फकिरा' १९५९ सालचा. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्याचे कोठार फोडणारा तो नायक थरारातच उभा आहे. अशा लेखनाला अद्भुतरम्य म्हणून बाजूला सारण्याची रीत मराठी समीक्षेत दीर्घकाळ चालली. दुःखाची नोंद करणे हे आपल्या साहित्याचे काम आहेच. पण रात्रभर जागवणारी गोष्ट परक्याच्या हाती सोडून देण्याचे कारण नाही.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने वर्गाबाहेर गाठून विचारले, "सर, बाँड वाचू की नको?" मी म्हणालो, "वाच. इंग्रजी सुधारेल. फक्त प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वतःला विचार, या गोष्टीत तुझी वस्ती कोठे आहे." आठवड्याने तो परत आला. म्हणाला, "सर, आपली वस्ती पहिल्याच प्रकरणापासून पाळतीवर आहे." त्याला मी हाइम्स दिला आहे. तो वाचून झाल्यावर त्याने स्वतः काय लिहावे, हे त्याला मी सांगणार नाही.