टिळकांच्या अभंगांतील प्रतीक्षा

नागपूरहून राजनांदगावास जाणारी आगगाडी गोंदियावरून जाते. याच मार्गावर १८९३ साली एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या अभंगांनी मराठी ख्रिस्ती उपासनेस स्वतःची वाणी दिली, हे निर्विवाद होय. आमची शंका निराळी आहे.

प्रभुभोजनात भाकर मोडताना मंडळी प्रभूच्या मरणाचे स्मरण करते. परंतु त्या स्मरणास पौलाने पुनरागमनाची मुदत घातली आहे. तेथे वाट पाहावयाची ती भक्ताने. आमच्या वारकऱ्यांचा विठ्ठल मात्र स्वतःच भक्ताची वाट पाहत विटेवर तिष्ठतो. अभंगाचा हा साचा स्वीकारताच टिळकांचा ख्रिस्त माउली होऊन अंतरी वसला, आणि यावयाचा राहिलेला राजा बराचसा दृष्टीआड झाला. काव्यास यात लाभच झाला, असे आम्ही मानतो. उपासनेस झाला की नाही, हे सांगणे कठीण. कारण जो अंतरी आहेच, त्याची वाट कोण पाहणार? दोष केवळ छंदाच्या माथी मारणेही बरे नव्हे. कावळ्याच्या शकुनावर जीव टांगून प्रियाच्या येण्याकडे डोळे लावणारी ज्ञानदेवांची विरहिणी याच भाषेत आहे. तिच्याकडे टिळकांनी याहून अधिक वेळा जावयास हवे होते.